उपेक्षा : आपण सोसलेली आणि आपण विसरलेली

"आपला भंडारा जिल्हा उपेक्षित आहे." हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय? निवडणुकीच्या सभेत, धानाच्या बोनससाठीच्या आंदोलनात, तुमसरच्या चहाटपरीवर, गोबरवाहीच्या फलाटावर गाडीची वाट बघताना. आपल्या चिखल्यात तर पोरगं बोलायला लागलं की थोड्याच दिवसांत हा शब्द शिकतं. शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ आपल्या पायाखालून मँगनीज निघतंय. तुमसर ते तिरोडी हा रेल्वेचा फाटाही या मँगनीजसाठीच टाकला गेला. चिखल्याची भूमिगत खाण आणि बाजूची डोंगरी बुजरुकची उघडी खाण ही नावं पोलादाच्या आणि ड्राय सेलच्या धंद्यात देशभर माहीत आहेत. तरी गावात बसलेला माणूस म्हणतो, आमची उपेक्षा झाली.

आता दुसरी बाजू बघा. दर रविवारी विहारात वंदना होते. वर्षावासात महिनोन्महिने ग्रंथवाचन चालतं. तिथे दहा पारमिता सांगितल्या जातात आणि त्यातली एक असते उपेक्षा. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा असे चार ब्रह्मविहारही सांगितले जातात. म्हणजे ज्या शब्दाने आपण सरकारला शिव्या घालतो, तोच शब्द धम्मात माणसाने कमवायचा मोठा गुण आहे. एखाद्या तरुणाने उठून विचारलं, "आमची तर आधीच भरपूर उपेक्षा झाली, आता आम्हीच उपेक्षा शिकायची काय?" तर प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर द्यायला हवं. आणि ते उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

सुरुवात पवनीपासून करू.

वैनगंगेच्या काठावरचं पवनी आपण किल्ल्यासाठी आणि मंदिरांसाठी ओळखतो. पण गावालगतच्या जगन्नाथ टेकडीत दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप होता. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथे उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा त्यावरचा अहवाल प्रसिद्ध आहे. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे खांब निघाले, त्यावर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं निघाली. एकट्या राजाने खजिना उघडला आणि स्तूप उभा राहिला, असा हा प्रकार नव्हे. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवा दगड दिला. आजही आपल्या गावातलं विहार असंच उभं राहतं. कुणी सिमेंटची पोती देतं, कुणी फरशी देतं, आणि भिंतीवर नावं लिहिली जातात.

पवनीच्या शिल्पांमध्ये एक नाग आहे, अनेक फण्यांचा, आणि त्याचं नावही कोरलेलं आहे. हा मुचलिंद. गोष्ट अशी की ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध झाडाखाली ध्यानस्थ बसलेले असताना अवेळी पाऊस आला, झड लागली. तेव्हा मुचलिंद नागाने त्यांच्याभोवती वेटोळी घातली आणि डोक्यावर फणा धरला. झड संपेपर्यंत तो तसाच राहिला. या गोष्टीत दोघं आहेत. एक जण शांत बसलाय, दुसरा त्याला ओलं होऊ देत नाही. पहिल्याकडे ध्यान आहे, दुसऱ्याकडे करुणा आहे. आपल्या पूर्वजांनी वैनगंगेच्या काठावर हीच गोष्ट दगडात कोरून ठेवली. नाग लोकांनी बुद्धाचा धम्म देशभर नेला, म्हणून दीक्षेसाठी नागपूर निवडलं, असं बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात सांगितलं, तेव्हा पवनीचा स्तूप अजून मातीखालीच होता. तो बाहेर यायला पुढची तेरा वर्षं लागली.

मधल्या शतकांत स्तूप मातीत गेला आणि धम्माचे शब्द भाषेत राहिले, पण त्यांचे अर्थ सरकले. तीन शब्द घेऊ : स्मृती, करुणा, उपेक्षा. आज मोबाईलवर, कंपन्यांच्या कार्यशाळांत, मोठमोठ्या हॉटेलांत जे 'माइंडफुलनेस' नावाने विकलं जातं, त्याचं मूळ यातल्या पहिल्या शब्दात आहे.

स्मृती म्हणजे मराठीत आठवण. स्मृतिदिन, स्मृतिचिन्ह वगैरे. दुसरा अर्थ म्हणजे धर्मशास्त्राचे ग्रंथ. त्यातल्या एका स्मृतीची होळी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला झाली, ते आपल्याला सांगायला नको. पण अष्टांगिक मार्गात जी सम्यक स्मृती येते, पालीत सम्मा सती, ती ना जुनी आठवण, ना कायद्याचं पुस्तक. तिला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द आहे भान. आई म्हणते ना, "भान ठेवून चाल", तेच. श्वास आत येतोय, बाहेर जातोय याचं भान. अंगात काय चाललंय, मनात राग चढतोय की भीती, याचं भान. आपल्याकडे भजनात रंगून देहभान हरपलं की त्याचं कौतुक होतं. बुद्धाने उलटं सांगितलं : देहभान हरपू देऊ नका, तिथूनच सुरुवात करा. शरीर, वेदना, चित्त आणि मनात येणारे विषय या चार ठिकाणी भान ठेवायचं, याला चार स्मृतिप्रस्थानं म्हणतात.

खाणीत काम केलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. जमिनीखाली काम सुरू करण्याआधी छत तपासावं लागतं. लोखंडी सब्बलीने ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. घट्ट दगड खणखणतो, सुटलेला दगड भद्द वाजतो. त्या क्षणी मन घरच्या भांडणात असेल तर आवाज कानावर पडतो पण ऐकू येत नाही. आणि ते न ऐकण्याची किंमत एकटा माणूस देत नाही, त्याचा जोडीदारही देतो.

संयुक्त निकायात नेमकी अशीच एक गोष्ट आहे, डोंबाऱ्याची. बांबूवर खेळ करणारा उस्ताद आपल्या चेल्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ नीट होईल आणि दोघं सुखरूप खाली उतरू. चेला म्हणतो, तसं नाही गुरुजी, तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो, तेव्हाच दोघं वाचू. बुद्धाने चेल्याचं म्हणणं बरोबर ठरवलं. पण तिथे थांबले नाहीत. स्वतःला सांभाळलं की दुसरा सांभाळला जातो, हे झालं. आणि दुसऱ्याला सांभाळलं की आपण सांभाळले जातो, हेही त्यांनी जोडलं. दुसऱ्याला सांभाळायचं कशाने? तर सहनशीलतेने, इजा न करण्याने, मैत्रीने आणि त्याच्याविषयीच्या कळवळ्याने. म्हणजे पहिल्या शब्दातच, स्मृतीतच, दुसरा माणूस आहे. एकट्याचं मन शांत करून घेण्याचं हे औषध नाही.

दुसरा शब्द करुणा. मराठीत करुणा म्हटलं की वरून खाली बघणं आलं. "करुणा करा" म्हणत कुणापुढे हात जोडणं आलं, नाटकातला करुण प्रसंग आला. धम्मातली करुणा म्हणजे दुसऱ्याचं दुःख बघून मन हलणं आणि ते दूर व्हावं म्हणून हात पुढे होणं. दया दाखवणारा आपल्या जागी उभा राहतो, करुणा असणारा जागेवरून उठतो. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा हे धम्माचे आधार मानले. करुणेवर थांबू नका, मैत्रीपर्यंत जा, असंही तिथे मांडलं. करुणा दुःखी माणसापर्यंत जाते. मैत्री वैऱ्यापर्यंत आणि माणसापलीकडच्या जीवांपर्यंत जाते.

आता तिसरा शब्द, आपला मुख्य शब्द. उपेक्षा. फोड केली तर उप म्हणजे जवळ आणि ईक्ष म्हणजे पाहणं. निरीक्षण, परीक्षा, अपेक्षा सगळे त्याच धातूचे भाऊबंद. जवळून पण ओढ-द्वेष न ठेवता पाहणं, हा धम्मातला अर्थ. मराठीत मात्र पाहून न पाहिल्यासारखं करणं, हा अर्थ राहिला. संस्कृतात दोन्ही छटा होत्या, आपल्या वाट्याला वाईट तेवढी आली.

गंमत म्हणजे ही गल्लत होईल हे जुन्या आचार्यांना ठाऊक होतं. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन वैरी सांगितलेत, एक लांबचा आणि एक जवळचा. करुणेचा लांबचा वैरी क्रूरता. तो लगेच ओळखू येतो. जवळचा वैरी म्हणजे आपल्याच दुःखात बुडालेली हळहळ, जी करुणेसारखी दिसते पण कामाला येत नाही. उपेक्षेचे लांबचे वैरी म्हणजे लोभ आणि चीड. आणि जवळचा वैरी? अज्ञानातून आलेली बेफिकिरी. दिसायला शांत, आतून कोडगी. म्हणजे आपण मराठीत ज्याला उपेक्षा म्हणतो, तो खऱ्या उपेक्षेचा शेजारी राहणारा शत्रू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीची ही नोंद मला फार मोलाची वाटते.

हा 'विसुद्धिमग्ग' देवनागरीत संपादित करणारा माणूसही मराठीच होता. धर्मानंद कोसंबी. १८७६ साली गोव्यात साखवाळला जन्म, शाळा अर्धवट. बुद्धाचं एक छोटं चरित्र वाचून झपाटले आणि घरदार सोडून निघाले. श्रीलंकेत श्रामणेर झाले, ब्रह्मदेशात जाऊन पाली आणि ध्यान शिकले. परत येऊन पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. हार्वर्डला जाऊन त्याच 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनाचं काम केलं. 'समाधिमार्ग' नावाचं पुस्तक मराठीत लिहून ध्यानाच्या पद्धती सामान्य वाचकासमोर ठेवल्या. एवढा मोठा विद्वान मिठाच्या सत्याग्रहात उतरला आणि तुरुंगात गेला. शेवट आपल्याच विदर्भात झाला. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला, अन्न हळूहळू सोडून, शांतपणे. ध्यान करणारा माणूस रस्त्यावर उतरत नाही असं म्हणणाऱ्यांनी कोसंबींचं चरित्र एकदा वाचावं.

आता आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण.

मे १९५४. भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक. त्या काळी हा द्विसदस्यीय मतदारसंघ होता, म्हणजे एक सर्वसाधारण जागा आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. राखीव जागेवर उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९५२ ला मुंबईत हरलेले, तब्येत खचलेली, मधुमेह आणि पायाच्या दुखण्याने बेजार. विदर्भाच्या मे महिन्यातलं ऊन आपल्याला माहीत आहे.

त्या निवडणुकीच्या आठवणी सांगणारे एक प्रसंग सांगतात. कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला : आपल्या माणसांनी एकच मत बाबासाहेबांना द्यायचं आणि दुसरं मत कुणालाच द्यायचं नाही, कुजवायचं. तसं केलं तरच निवडून येण्याची आशा. बाबासाहेबांनी नाही म्हटलं. ज्याने राज्यघटना तयार करण्यात एवढा वाटा उचलला, तो लोकांना मत वाया घालवायला सांगणार नाही, हरलो तरी चालेल, असा त्यांचा पवित्रा होता.

आणि ते हरले. राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी जिंकली, सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. भंडाऱ्याने बाबासाहेबांना पाडलं, ही खंत आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने जन्मभर बाळगली.

पण याच काळात ते रात्र रात्र जागून बुद्धावरचा ग्रंथ लिहीत होते. साधारण १९५१ पासून १९५६ च्या सुरुवातीपर्यंत हे लेखन चाललं. त्यात पारमिता समजावताना उपेक्षेविषयी त्यांनी जे मांडलं त्याचा आशय असा : ही अलिप्तता आहे, बेपर्वाई नाही. आवड-नावड बाजूला ठेवलेलं मन. फळ काय मिळेल याने न डळमळता, त्याच ध्येयामागे लागून राहणं. भंडाऱ्याच्या निवडणुकीशी या व्याख्येचा संबंध त्यांनी स्वतः कुठे जोडलेला नाही, तो मी जोडतोय. पण मत कुजवायला नकार देणारा उमेदवार आणि ही व्याख्या लिहिणारा लेखक एकच माणूस आहे, एवढं तरी आपल्या जिल्ह्याने लक्षात ठेवायला हवं. निकालाची पर्वा नाही म्हणून ते घरी बसले नाहीत. प्रचाराला फिरले, पूर्ण ताकदीने लढले. फक्त जिंकण्यासाठी तत्त्व सोडलं नाही आणि हरल्यावर काम सोडलं नाही.

हरल्यावर काय केलं ते बघा. त्याच १९५४ साली ते दोनदा ब्रह्मदेशात गेले. डिसेंबरमध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला हजर राहिले. परत आल्यावर २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. महाडच्या होळीला त्या दिवशी सत्तावीस वर्षं झाली होती. मग दोन वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. दीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी महास्थविर कुशीनगरला राहत, पण ते मूळचे ब्रह्मदेशचे.

त्या दिवशी बाबासाहेबांनी लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. पहिल्या काही आपल्याला पाठ असतात, त्या सोडण्याच्या आहेत. पुढच्या धरण्याच्या आहेत आणि त्यांच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. अकरावी : अष्टांगिक मार्गाचं पालन. सम्यक स्मृती त्याच मार्गात येते. बारावी : दहा पारमितांचं पालन. उपेक्षा त्यातच येते. तेरावी : सर्व प्राणिमात्रांविषयी दया आणि त्यांचं रक्षण. हीच करुणा. म्हणजे आपले तिन्ही शब्द लागोपाठच्या तीन प्रतिज्ञांत बसलेत. बैलगाडीने, रेल्वेने, पायी नागपूरला गेलेल्या धान रोवणाऱ्या, बिडी वळणाऱ्या, खाणीत माती उपसणाऱ्या आपल्या आजा-आजींनी त्या दिवशी हे तिन्ही शब्द तोंडाने उच्चारले. त्यांना कुणी 'माइंडफुलनेस' शिकवायला आलं नव्हतं.

रंगूनचा धागा इथे तुटत नाही. १९५५ मध्ये, म्हणजे बाबासाहेब रंगूनहून परतल्यावर वर्षभरातच, त्याच शहरात सत्यनारायण गोयंका नावाचा एक मारवाडी व्यापारी अर्धशिशीने कावून ऊ बा खिन या गुरूंकडे ध्यान शिकायला गेला. ऊ बा खिन हे भिक्खू नव्हते, ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. त्यांचे गुरू सया तेजी तर साधे धान पिकवणारे शेतकरी. सगळ्या जगाला ध्यान शिकवणारी ही परंपरा कचेरीतल्या आणि बांधीतल्या माणसांनी चालवली. जुलै १९६९ मध्ये गोयंकांनी मुंबईत भारतातलं पहिलं शिबिर घेतलं. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर कुदळ पडली ती त्याच हंगामात. मग इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं आणि पुढे नागपूरसकट ठिकठिकाणी केंद्रं झाली. दहा दिवसांचं शिबिर, पूर्ण मौन. आधी श्वासाचं भान म्हणजे आनापान, मग अंगावरच्या संवेदना समतेने पाहणं म्हणजे विपश्यना, शेवटी मैत्रीभावना. फी नाही, दानावर चालतं. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजार कैद्यांचं शिबिर झालं, त्याची चर्चा जगभर झाली.

दुसरा एक धागा इंग्लंडचा. भिक्खू संघरक्षित ६ डिसेंबर १९५६ ला नागपुरात होते. बाबासाहेब गेल्याची बातमी आली आणि त्या रात्री कस्तुरचंद पार्कवर जमलेल्या, रडणाऱ्या लोकांशी ते बोलले. पुढच्या काही दिवसांत वस्त्या-वस्त्यांत जाऊन भाषणं दिली. त्यांच्याच परंपरेतून पुढे त्रैलोक्य बौद्ध महासंघाचं काम महाराष्ट्रात सुरू झालं, आनापान आणि मैत्रीभावना ही त्यांची मुख्य ध्यानं. नागपूरच्या कामठी रोडवरचं नागलोक त्याच कामातून उभं राहिलं. आपल्या जिल्ह्यात पवनीजवळ रुयाळ-सिंदपुरीला महासमाधीभूमी आहे. म्हणजे पवनीच्या मातीला स्तूप परत मिळाला.

आता वादाकडे येतो. टाळून चालणार नाही.

आपल्या समाजात दोन पक्ष आहेत आणि दोघांचं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. एक पक्ष म्हणतो : शिबिरं म्हणजे पोरांना थंड करण्याचा उद्योग. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा सांगितलं. डोळे मिटून बसा असं सांगितलं नाही. त्यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच प्रश्न विचारला होता की भिक्खू कशासाठी, स्वतःला परिपूर्ण करण्यासाठी की लोकांच्या सेवेसाठी. शिवाय शिबिरांतून कधी कधी मागच्या जन्मीच्या कर्माची जी भाषा कानावर पडते, ती बाबासाहेबांनी स्पष्ट नाकारली होती. दुसरा पक्ष म्हणतो : मोर्चे खूप काढले, पण घरात दारू, बायकोवर हात, संघटनेत एकमेकांचे पाय ओढणं चालूच. मन न बदलता समाज काय बदलणार? आणि शिबिराहून आलेल्या माणसाची बाटली सुटलेली, आवाज खाली आलेला, हे अनेक घरांनी अनुभवलंय.

पहिल्या पक्षाला मी एवढंच सांगेन की बाबासाहेबांनी समाधीवर लिहिलंय, आणि नेमकं लिहिलंय. नुसती एकाग्रता मनातल्या वाईट वृत्ती तेवढ्यापुरत्या दाबते, म्हणून ती पुरेशी नाही. मनाला कायम कुशलाकडे वळवणारी सम्यक समाधी हवी. हा ध्यानाला नकार नाही. ध्यान कशासाठी, याची अट घातली आहे.

दुसऱ्या पक्षासाठी बुद्धाची एक उपमा पुरेशी आहे, दोन बाणांची. अंगाला दुखणं झालं हा पहिला बाण. त्यावर मनाने चडफडणं, घाबरणं, स्वतःला कोसणं हा दुसरा बाण. शहाण्या माणसाला पहिला लागतो, दुसरा लागत नाही. ध्यानाचं काम दुसरा बाण थांबवणं. पण पहिला बाण प्रत्येक वेळी निसर्गाचाच असतो का? म्हातारपण निसर्गाचं. जातीवरून झालेला अपमान, दबलेली मजुरी, न मिळालेला उपचार हे बाण कुणीतरी मारतं. ते थांबवायला संघटना लागते, कायदा लागतो, अर्ज लागतो, वेळ पडली तर मोर्चा लागतो.

खाणकामगाराचं उदाहरण घ्या, कुठल्याही खाणीतला समजा. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होऊ शकतो, हात थरथरू शकतात, चाल बदलू शकते. वैद्यकशास्त्राला हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. समजा एखाद्याचा हात थरथरायला लागला. त्या थरथरीकडे न घाबरता बघता येणं, रात्री उठून स्वतःला शाप न देणं, ही धम्मातली उपेक्षा. आणि "आपल्या नशिबात आहे" म्हणून तपासणीच न करणं, ही मराठीतली उपेक्षा, जवळचा वैरी. खाणकामगारांच्या नियमित वैद्यकीय तपासणीची तरतूद कायद्यात कित्येक दशकांपासून आहे. ती मागून घेणं आणि अहवाल हातात घेऊन वाचणं हेही भानच आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादला कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. वरून अहवाल मागवून भागलं असतं. करुणा जागेवरून उठते म्हणतो, ती अशी.

म्हणून त्या तरुणाच्या प्रश्नाला माझं उत्तर : हो, उपेक्षा शिकायची. पण आपल्यावर लादलेली नाही, बाराव्या प्रतिज्ञेतली. शिकण्याचा क्रमही जुन्या लोकांनी लावून दिलाय. सात बोध्यंगांत पहिलं स्मृती आहे आणि शेवटचं उपेक्षा. मधे धम्माची चिकित्सा आहे, वीर्य म्हणजे प्रयत्न आहे, प्रीती आहे, प्रश्रब्धी म्हणजे शांतता आहे, समाधी आहे. चिकित्सा आणि प्रयत्न वगळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली की माणूस समतेत पोचत नाही, बेफिकिरीत पोचतो. आणि पहिली पायरी सोडून नुसत्या प्रयत्नावर निघाला की दोन-चार हरण्यांत थकतो, चिडतो, मग आपल्याच माणसांवर घसरतो. आपल्या भागातल्या किती चांगल्या संघटना अशा संपल्या, मोजून बघा.

एक साधी सूचना करतो. या वर्षावासात ग्रंथवाचन होईलच. त्यात पारमितांचा भाग आला की तिथे थांबा. अर्धा तास द्या. उपेक्षेवर बोला, दोन्ही अर्थ मांडा, पोरांना भांडू द्या. वाचनाआधी दहा मिनिटं शांत बसून श्वास बघा, त्याला शिबिर लागत नाही. आणि वाचनानंतर दहा मिनिटं गावच्या एका कामासाठी ठेवा : कुणाची पेन्शन अडली, कुणाची तपासणी राहिली, कुठल्या मुलीची शाळा सुटली. आधीची दहा मिनिटं आणि नंतरची दहा मिनिटं एकाच विहारात झाली तर शिबिर की मोर्चा हा वाद आपोआप लहान होईल.

आणि पवनीला गेलात तर जगन्नाथ टेकडीवर जरूर जा. पोरांना घेऊन जा. नावं कोरून खांब देणारी माणसं आपल्यासारखीच होती, हे त्यांना सांगा. मुचलिंदाची गोष्टही सांगा. तिथून निघालेली शिल्पं नागपूरच्या अजब बंगल्यात कुणी पाहिली असतील तर फोटो टाका. १९५४ च्या निवडणुकीच्या आठवणी ज्यांच्या घरात आजोबांनी सांगितल्या असतील त्यांनी त्या लिहून काढा. ती पिढी आता फार उरली नाही, आणि त्यांच्या आठवणींची उपेक्षा करायला आपल्याला कुठल्याही सरकारची गरज लागणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.